तारखेचा शर्ट

त्या बराकीत सगळ्यांचं मिळून बऱ्या कपड्यांचं एकच गाठोडं होतं. एक पांढरा शर्ट, एक काळी पँट आणि काळ्या चामड्याच्या बुटांची जोडी. मूळचं ते कुणाचं, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. कधीतरी कुणीतरी सुटून जाताना मागं ठेवून गेला होता, एवढंच. ज्याची कोर्टात तारीख असेल त्यानं ते घालून जायचं आणि परत आल्यावर धुऊन-पुसून जागच्या जागी ठेवायचं. म्हणून तो तारखेचा शर्ट आणि ते तारखेचे बूट. चोर, मारामारीवाले, खोट्या सह्या करणारे, सगळे त्या एकाच शर्टात जजसमोर उभे राहून आले होते. एकाही जजला तो शर्ट कधी ओळखू आला नाही, हे नशीबच म्हणायचं.

शर्ट ज्याच्या त्याच्या अंगाला बसवून द्यायचं काम मास्तरचं. बाहेर असताना मास्तरचं शिवणकामाचं दुकान होतं आणि त्यात एक भागीदार होता. त्या भागीदाराशी एका दुपारी जुंपली, शब्दानं शब्द वाढला, आणि हातात नेमकी कात्री होती. पुढचं सांगायला नको. मास्तरनं ते कधी नाकारलं नाही, कोर्टातही नाही आणि बराकीतही नाही. शिक्षा झाली ती तो खाली मान घालून भोगत होता. दिवसभर तुरुंगाच्या शिवण विभागात कैद्यांचे सदरे शिवायचा, आणि कुणाची तारीख आली की तो पांढरा शर्ट मांडीवर घ्यायचा. माणूस किडकिडीत असला तर दोन्ही बाजूंनी आत घ्यायचा, ढेरपोट्या असला तर सोडायचा. इतक्यांदा टाके घातले आणि उसवले होते, की त्या शर्टाच्या शिवणी चाळणीसारख्या झाल्या होत्या.

तारखेच्या दिवशी सकाळपासून बराकीत लगीनघाई. न्हावी, जो बाहेरही न्हावीच होता, आपली पेटी उघडून गुळगुळीत दाढी करून द्यायचा. बराकीतले सगळ्यांत जुने म्हणजे तात्या. ते उकळत्या पाण्याचा तांब्या शर्टावरून फिरवून इस्त्री करायचे, धाप लागली की थांबायचे, पुन्हा फिरवायचे. दुसऱ्या कुणाला तांब्याला हात लावू द्यायचे नाहीत. "जज कागद नंतर बघतो, आधी माणूस बघतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि खरं सांगायचं तर त्यांचा अनुभव खोटा नव्हता. जे गबाळे गेले ते तोंड पाडून परत आले होते, आणि जे नीटनेटके गेले त्यांतल्या काहींना तरी जामीन मिळाला होता. तुरुंगात माणसाच्या हातात काय असतं हो? एक दाढी असते, ती करून टाकायची.

आता मास्तरच्या पायाचं. मास्तरला साखरेचा आजार जुना. मशीनच्या पायडलची कड तुटली होती आणि ती डाव्या पावलाला घासायची. पायडल बदला म्हणून त्यानं सांगून पाहिलं, पण पायडल काही बदललं नाही. आधी साधं खरचटलं, मग फोड आला, मग त्याची जखम झाली आणि ती भरून यायचं नावच घेईना. तुरुंगाच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होता. डोकं दुखलं, पोट बिघडलं, छातीत कळ आली, तरी त्याच्याकडं पांढरी गोळी एकच. डॉक्टर यायचा तेव्हा यायचा, आणि आला तरी रुग्णाकडं न बघता रांगेकडं बघायचा. त्यानं मास्तरचा पाय एकदा लांबूनच पाहिला आणि म्हणाला, मोठ्या दवाखान्यात दाखवायला हवं. तेवढं बोलून तो हात झाडून मोकळा झाला.

मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर गाडी पाहिजे आणि बरोबर शिपाई पाहिजेत. गाडी असली की शिपाई नसायचे, शिपाई असले की गाडी कुणा साहेबाच्या कामाला गेलेली. "गार्ड मिळाली की पाठवू," हे वाक्य मास्तरला इतक्यांदा ऐकवलं गेलं, की पुढं पुढं तो स्वतःच विचारायचा, "गार्ड नाही ना? बरं," आणि लंगडत परत यायचा. पावलाची बोटं काळपट पडत चालली होती. पाऊल बधिर, पण घोट्यापासून वर असा ठणका लागायचा की मास्तर सदरा तोंडात धरून बसायचा. कुणी म्हणेल, खुनी माणसाच्या पायाचं एवढं काय घेऊन बसलात? म्हणू दे. मास्तरला शिक्षा ठोठावली होती ती कैदेची. पाय कुजवायची शिक्षा कुठल्याही जजनं लिहून दिली नव्हती.

मास्तरला एक लेक होती. बायको कधीच गेलेली, बाकीच्यांनी संबंध तोडलेले, उरली ती ही एकटी. पार्सलच्या गोदामात खोकी बांधायचं काम करायची आणि रजा मिळेल तेव्हा भेटायला यायची. मास्तर तिला लहानपणापासून ठमी म्हणायचा, ती चांगली उंचपुरी बाई झाली तरी ठमीच. भेटीच्या खोलीत मधे काच, आणि काचेखाली भिंत. त्यामुळं ठमीला बाप दिसायचा तो छातीपासून वर. मास्तर दारापर्यंत लंगडत यायचा आणि दारातून आत येताना दात आवळून सरळ चालायचा. "पायाला जरा लागलंय," एवढंच तिला ठाऊक होतं. पण लेक ती लेकच. एकदा तिनं काचेला कपाळ लावून विचारलं, "बाबा, तुम्हाला एवढा घाम का येतोय?" मास्तरनं बाहीनं कपाळ पुसलं. तिथून सुटली ती थेट वकीलबाईंकडं गेली.

वकीलबाई गरिबांचे खटले फुकट चालवायच्या. वयानं ठमीहून फार मोठ्या नव्हत्या, पण बोलणं तोडून टाकल्यासारखं. तुरुंगात येऊन त्यांनी मास्तरचा पाय पाहिला, नाकाला पदर न लावता पाहिला, आणि कोर्टात अर्ज घातला: कैदी झाला म्हणून माणसाचा उपचाराचा हक्क जात नाही, याला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात हलवा, आणि इतके दिवस का हलवलं नाही याचा जाब तुरुंगाला विचारा. तुरुंगानं उत्तर दिलं. ते उत्तर वाचून दाखवताना वकीलबाईंचा आवाज चढला. त्यात लिहिलं होतं, कैद्यावर नियमित उपचार सुरू आहेत, प्रकृती स्थिर आहे, तो स्वतःच्या पायानं चालतो आणि रोज कामावर जातो.

"कामावर जातो हे खरंय," मास्तर म्हणाला. "न जाऊन सांगतो कुणाला? नाही गेलं तर शिक्षेतली सूट कापतात."

"जज म्हणाले, एकजण म्हणतो पाय सडलाय, दुसरा म्हणतो धडधाकट आहे. तेव्हा माणसालाच माझ्यापुढं आणा, मी डोळ्यांनी बघतो," वकीलबाईंनी सांगितलं. "म्हणून तुम्हाला बोलावलंय. मास्तर, जसे आहात तसे या. लंगडत असाल तर लंगडत या, कुणी धरून आणावं लागलं तर धरून आणू दे. त्यांनी एकदा नीट बघितलं की पाय वाचेल. आणखी उशीर झाला तर नाही वाचणार. कळतंय ना?"

मास्तरला कळलं होतं. न कळायला तो काही खुळा नव्हता.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्यानं बराकीत हे सांगितलं. जसा आहे तसाच जातो, शर्ट नको. सगळे त्याच्याकडं असे बघायला लागले, की जणू त्यानं कुणाला शिवी दिली.

"जसा आहेस तसा म्हणजे कसा?" तात्यांनी विचारलं. "भिकाऱ्यासारखा?"

"वकीलबाई म्हणाल्या..."

"वकीलबाई हुशार आहेत, शिकलेल्या आहेत. पण त्या कोर्टात या बाजूला उभ्या राहतात, आपण त्या बाजूला. आजवर कितीजणांना शर्ट बेतून दिलास? आणि स्वतःच्या तारखेला हा असला सदरा घालून जाणार? लोक काय म्हणतील, बराकीत कुणी नाही का याचं?"

"अहो तात्या, पाय दाखवायचाय."

"मग दाखव की पाय. पाय दाखवायला दाढी कशाला वाढवायची?"

मास्तर पायाची चिंधी सोडून पुन्हा बांधत बसला. आणि मनाच्या तळाशी एक गोष्ट होती, ती त्यानं कुणाजवळ बोलून दाखवली नाही. कोर्टात ठमी येणार होती. मधे काच नसलेला बाप तिला कितीतरी काळानं दिसणार होता. तो तिला चौघांनी उचलून आणलेला दिसावा, हे त्याला सोसत नव्हतं. त्यामुळं न्हाव्यानं पेटी उघडली तेव्हा मास्तरनं गाल पुढं केला.

सकाळी खरी अडचण आली ती बुटाची. सुजलेलं पाऊल बुटात जाईना. न्हाव्यानं आतला तळ खरवडून काढला, वर तेल लावलं, तरी जाईना. आणि घोट्याला नुसता स्पर्श झाला की मास्तर पांढरा पडायचा. तेव्हा एकेकजण उठला. कुणी उशीच्या शिवणीतून, कुणी भिंतीच्या भेगेतून, कुणी साबणाच्या वडीच्या पोटातून गोळ्या काढल्या. पांढऱ्या नव्हेत, त्या कधीतरी दात काढल्यावर, हाड मोडल्यावर मिळालेल्या जबर दुखण्याच्या गोळ्या. जिभेखाली धरून, कंपाउंडरला रिकामं तोंड दाखवून, पुढल्या दुखण्यासाठी राखून ठेवलेल्या. गोळी साठवणं तुरुंगात गुन्हा होता. सापडली तर झडती, भेटी बंद, एकांत कोठडी. तरी प्रत्येकाजवळ एकदोन असायच्याच, कारण दुखणं रात्री येतं आणि कंपाउंडर संध्याकाळी घरी जातो. तात्यांनी तर छातीत कळ आली की घ्यायच्या म्हणून जिवापाड जपलेल्या दोन्ही देऊन टाकल्या.

"तात्या, तुम्हाला लागतील," मास्तर म्हणाला.

"माझं काय घेऊन बसलास. माझी तारीख नाही आज."

मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्यावर एवढी माया त्याच्या सख्ख्या भावांनी केली नव्हती. त्यानं गोळ्या घेतल्या, थोडा वेळ गेला, आणि ठणका खोल कुठंतरी बुडाला. पाऊल बुटात गेलं. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट अंगावर चढवला आणि न्हावी म्हणाला, "नवरदेव निघाला. जजसाहेब स्वतःची पोरगी देतील बघा." सगळे हसले. मास्तरही हसला. त्याला वाटलं, आपण किती दिवसांनी हसलो.

कोर्टाची खोली उंच आणि जुनी, लाकडाला पॉलिशचा वास, पंखा कुरकुरत फिरत होता. दारापासून कठड्यापर्यंत बरंच अंतर होतं. मास्तर दारात थांबला. बरोबरच्या मिशाळ शिपायानं खांदा पुढं केला, तेवढी माणुसकी त्या माणसात होती. मास्तरनं मान हलवली. समोरच्या बाकावर ठमी बसली होती. तो तिच्याकडं बघत बघत सरळ, ताठ, एक पाऊल न चुकवता चालत गेला.

ठमीचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका. किती वर्षांनी तिनं बापाला पायांसकट बघितलं होतं. गुळगुळीत दाढी, पांढराशुभ्र शर्ट, पायात चकाकणारे बूट. तिनं तोंडावर हात धरला आणि ती हसली. तिच्या पलीकडं वकीलबाई बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. सरकारी वकील उठलाच नाही, त्याला उठायची गरजच राहिली नव्हती.

जज म्हातारे होते, दुष्ट नव्हते. त्यांनी चष्मा काढून मास्तरकडं नीट पाहिलं. "तुम्हाला चालता येतं?"

"येतं साहेब."

"कामावर जाता?"

"जातो साहेब."

"साहेब, बूट काढून पाऊल बघावं अशी माझी विनंती आहे," वकीलबाई उठून म्हणाल्या.

"मी माणूस बघायचा म्हणालो होतो, तो बघितला. मी डॉक्टर नाही, बाई. जखम बघून मला काय कळणार? जखम आहे हे तुरुंगही नाकारत नाही. प्रश्न ती किती गंभीर आहे हा आहे." ते मास्तरकडं वळले. "शपथेवर सांगा. आत्ता, या क्षणी, दुखतंय का?"

दुखत नव्हतं. कसं दुखणार? बराकीतल्या अर्ध्या माणसांचं दुखणं थांबवायचा साठा त्याच्या पोटात होता. का दुखत नाही, हे सांगायचं तर गोळ्यांचं सांगावं लागणार. मिशाळ शिपाई हातभर अंतरावर उभा होता. संध्याकाळच्या आत बराकीची झडती झाली असती. उश्या फाडल्या असत्या, न्हाव्याची पेटी गेली असती, तात्यांना त्या दम लागलेल्या छातीनिशी एकांत कोठडीत घातलं असतं. एका बाजूला पाय होता, दुसऱ्या बाजूला ती माणसं.

"आत्ता नाही साहेब," मास्तर म्हणाला.

"गोळी घेतलीत का काही?" वकीलबाईंनी जवळजवळ ओरडून विचारलं.

"नाही."

जजनी लिहून घेतलं. तुरुंगाच्या डॉक्टरनं तपासून अहवाल द्यावा, मग बघू. पुढची तारीख दिली. म्हणजे ज्यानं पाय लांबून पाहिला होता त्यालाच पुन्हा विचारायचं ठरलं.

बाहेरच्या बोळात शिपायानं ठमीला जवळ येऊ दिलं. ती आली ती हसत नव्हती. वकीलबाईंनी तिला काय झालं ते दोन शब्दांत सांगितलं असावं. तिनं खाली बघितलं. डाव्या बुटाच्या शिवणीतून काहीतरी पाझरत होतं आणि फरशीवर त्याचा डाग पडला होता. वासही आला. ती मटकन खाली बसली.

"बाबा, कुणासाठी नटून आलात हो?" तिनं विचारलं. "मी एवढी दारं झिजवली. तुम्ही नुसतं लंगडायचं होतंत. तेवढंही झालं नाही?"

"तुला बघवलं नसतं ठमे."

"मग आता बघवणार आहे का?"

मास्तरला वाटलं, भूमी दुभंगावी. शिपायानं दंडाला धरून त्याला गाडीत चढवलं, आणि आता मात्र मास्तरनं त्याचा खांदा घेतला.

बराकीत सगळे वाट बघत होते. "काय झालं?" "जज काय बोलला?" मास्तरनं शर्ट काढून घडी घातली. "चांगलं झालं," तो म्हणाला. "जज चांगला माणूस आहे. नीट विचारपूस केली." तात्या समाधानानं मान हलवत म्हणाले, "मी सांगत नव्हतो?" मास्तरनं खरं काय ते सांगितलं नाही. ज्यांनी आपलं दुखणं काढून त्याला दिलं, त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार, की तुमच्या मायेनंच घात केला? तो भिंतीकडं तोंड करून निजला. गोळ्यांचा अंमल उतरला तसा ठणका व्याजासकट परत आला.

पुढं जे व्हायचं ते झालं. डॉक्टरनं अहवाल दिला, प्रकृती स्थिर. काळेपणा बोटांवरून पावलावर आणि पावलावरून घोट्यावर आला. एक दिवस मशीनवर बसल्या बसल्या मास्तर तापानं बरळायला लागला आणि सदऱ्यांच्या ढिगावर कोसळला. आणि काय आश्चर्य, त्या दिवशी गाडीही मिळाली आणि शिपाईही मिळाले. मरायला टेकला की गार्ड मिळते, त्याआधी नाही. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, "इतके दिवस कुठं होतात?" मास्तरला बोलायची शुद्ध नव्हती. पाय गुडघ्याखाली कापला.

मास्तर कुबड्या घेऊन बराकीत परतला. मिशाळ शिपायाच्या तोंडून सगळं आधीच बाहेर पडलं होतं. चालत आला म्हणून जजला खरं वाटलं नाही, दुखत नाही म्हणाला म्हणून तारीख पुढं गेली. न्हावी मास्तरच्या अंथरुणाजवळ येऊन उकिडवा बसला आणि ढसाढसा रडला. मोठा बाप्या माणूस, पण त्याला आवरेना. तात्या रडले नाहीत. ते दोन दिवस जेवलेच नाहीत.

"मला का नाही सांगितलंस?" शेवटी तात्यांनी विचारलं.

"सांगून पाय वाचला असता का?"

"आता तारखेला सांग. आमची नावं सांग. कुणाच्या कुठल्या गोळ्या होत्या, सगळं सांग. काय करतील? एकांत कोठडीत घालतील. घालू देत. तिथं तरी तुझ्या कुबडीची खटखट ऐकू येणार नाही." आणि तात्या भिंतीकडं वळले, कारण आता मात्र त्यांचा आवाज फुटला होता.

पुढच्या तारखेला मास्तर आपल्या रोजच्या सदऱ्यात गेला. पँटचा डावा पाय त्यानं स्वतः कापून, दुमडून, नीट टीप घालून बेतला होता. तेवढं मात्र त्याच्यानं राहवलं नाही. दारापासून कठड्यापर्यंत कुबड्यांचा आवाज सगळ्या खोलीनं ऐकला. ठमी बाकावर होती. तिनं मान खाली घातली नाही, पापणीही न लववता ती बघत राहिली.

जजनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं, दुखतंय का. तुम्ही शपथेवर नाही म्हणालात."

"तेव्हा दुखत नव्हतं साहेब. गोळ्या खाऊन आलो होतो. जबर गोळ्या, मूठभर. बाईंनी विचारलं तेव्हा नाही म्हणालो, ते खोटं."

सरकारी वकील या वेळी उठला. "साहेब, तुरुंगात गोळ्या साठवणं गुन्हा आहे. कुठून आल्या, कुणी दिल्या?"

मास्तरनं मिशाळ शिपायाकडं पाहिलं, मग जजकडं. नावं सांगायची मुभा त्याला होती, बराकीनं स्वतः होऊन दिली होती. "माझ्याच होत्या," तो म्हणाला. "मी साठवल्या. का साठवल्या ते पण लिहून घ्या साहेब. आमच्याकडं कुणाला छातीत कळ आली तर मिळते एक पांढरी गोळी, आणि गार्ड मिळाली की पाठवू असं एक वाक्य. म्हणून माणूस दुखत असताना गोळी खात नाही, पुढं याहून जास्त दुखेल म्हणून ठेवून देतो. तुम्ही विचारलंत तेव्हा मला दुखत नव्हतं, पण त्या दिवशी बराकीत..." तो थांबला. पुढं बोललं तर माणसं उघडी पडली असती. "त्या दिवशीचं एवढंच," तो म्हणाला.

जजनी निकाल दिला तो चांगला दिला, उगाच का नावं ठेवा. तुरुंगाला कडक शब्दांत सुनावलं. आजारी कैद्याला डॉक्टर म्हणेल त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं, गार्ड नाही ही सबब चालणार नाही, नाही नेलं तर अधिकाऱ्यानं स्वतः कोर्टात येऊन उभं राहायचं. मास्तरला भरपाईही लिहिली. तुरुंगाचा डॉक्टर बदलायला सांगितला. आणि शेवटी, गोळ्या साठवल्याचं कैद्यानं स्वतः कबूल केलं आहे, त्याबद्दल तुरुंगानं आपल्या नियमाप्रमाणं करावं. म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं छडी तुरुंगाच्या हातात दिली. तुरुंगानं नियमाप्रमाणं केलं. मास्तरच्या भेटी वर्षभर बंद झाल्या. ठमी फाटकापर्यंत येऊन परत गेली, असं मिशाळ शिपाई एकदा सांगून गेला. खाऊचा पुडा आणला होता, तोही घेतला नाही, म्हणाला.

नवा डॉक्टर आला, त्यानं रांगेऐवजी माणसांकडं बघितलं. सगळ्यांत आधी त्यानं तात्यांची छाती तपासली आणि म्हणाला, यांना आजच न्या. आणि खरोखर, दुपारी गाडी फाटकात येऊन उभी राहिली. कोर्टाचा हुकूम होता ना.

बराकीत एकच धांदल उडाली. सवयीचे हात, ते काय ऐकतात. एकानं तांब्यात पाणी उकळायला ठेवलं, न्हाव्यानं पेटी उघडून वस्तरा पुसला, तिसरा गाठोडं सोडून शर्ट झटकायला लागला. तात्यांनी नकळत गाल पुढं केला. मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे मोठ्या डॉक्टरपुढं उभं राहायचं.

"पेटी बंद कर," मास्तर म्हणाला.

न्हाव्याचा हात तिथंच थांबला. मास्तर कुबड्या टेकत आला, त्यानं शर्ट ओढून घेतला, घडी न घालता अंथरुणावर टाकला आणि त्यावर बसला.

"कुणाजवळ गोळी असेल तर ती पण आत ठेवा. तात्याला द्यायची नाही. तात्या, इकडं बघ." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तात्यांना अरे-तुरे केलं. "छातीत दुखतंय ना?"

"दुखतंय."

"मग कण्हत जा. शिपाई बघतोय म्हणून गप्प बसू नकोस. चालायला लागलास तर याद राख. चौघांनी उचलून नेऊ दे. तिथला डॉक्टर विचारेल कसं आहे, तर बरं आहे म्हणायचं नाही. ऐकलंस? बरं आहे हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

तात्या त्याच्याकडं बघत राहिले. तात्यांची खुरटी पांढरी दाढी वाढलेली, सदऱ्याला भाताचा डाग, डोळ्यांत चिपडं. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि आयुष्यभर दाबून धरलेला आवाज हळूच सोडला, आधी भीतभीत, मग मोठ्यानं. शिपाई त्यांना उचलून घेऊन गेले. गाडीचं दार लागेपर्यंत ते कण्हणं बराकीत ऐकू येत होतं, आणि मास्तर शर्टावर बसून ते कान देऊन ऐकत होता.